तीन गावांतली एक तालीम

आमच्या फाट्यावर शेवगावची एसटी सकाळी सातला येते. मी सहालाच जाऊन दगडावर बसलो. माझ्या नाटकात जो उशिरा येतो त्याचं काम मी काढून घेतो, त्यामुळे मला उशीर करून चालत नाही. पिशवीत एक जादा धोतर, चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तळाला एक डबी. डबीत कानाचं मशीन होतं. ते सुनेने आणलेलं. मी घेतलं नव्हतं. आमची मंडळी पारू, तिनेच मी अंघोळीला गेलो तेव्हा ते पिशवीत सरकवलं असणार. माझा उजवा कान कमी काम करतो. डावा चांगला आहे. एका माणसाला एक चांगला कान पुरतो, आणि असल्या गोष्टी गावात सांगत फिरायचं कारण नाही, म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं. आता लिहितो, कारण पुढे सगळ्या गावाने ते बघितलंच.

मी तालीम मास्तर (गावच्या नाटकाचे नट निवडणारा, त्यांना काम शिकवणारा) आहे. पुण्या-मुंबईकडे ह्याला दिग्दर्शक म्हणतात. मी चौथीत शाळा सोडली. काही वर्षं शेळ्या वळल्या, आणि मिसरूड फुटायच्या आत यात्रेतल्या नाटकाचा पडदा ओढायला लागलो. दोरी ओढता ओढता सगळ्यांची कामं पाठ झाली. एका साली आमचे जुने मास्तर तापाने पडले, तेव्हा दोरी दुसऱ्याच्या हातात दिली आणि पुढे झालो. तेव्हापासून गावचं नाटक माझं. शिकलेला माणूस कागद बघून नाटक बसवतो. मला कागद लागत नाही.

आता प्रवास कशासाठी, ते सांगतो. यात्रा चैत्रात. पण दसरा झाला की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं, उरलेल्यातले तरणे कंपन्यांत. नाटकाला माणसं गोळा करायची कुठून? म्हणून मी दर साली तालमीची फेरी काढतो. ज्याचं काम असेल तो जिथे असेल तिथे जायचं, त्याला समोर उभं करायचं, आणि बाकी सगळ्यांची कामं मी करायची. राजा मी, राणी मी, दारू प्यालेला शिपाईही मी. यात्रेच्या आधी आठ दिवस सगळे गावात आले की तुकडे जोडायचे. पाहुणे विचारतात, असं कुठे नाटक होतं का. आमच्याकडे होतं.

ह्या साली दोन अडचणी होत्या. साखर कारखान्याचा हंगाम लांबणार होता, त्यामुळे जोडायला आठ दिवसांच्या जागी एकच दिवस मिळणार होता. दुसरी अडचण विलासची. विलास यात्रा कमिटीचा अध्यक्ष. तो माझ्या घरी आला, चहा प्यायला, आणि कप खाली ठेवताना बोलला.

"मास्तर, लोकांना आता ऑर्केस्ट्रा पायजे."

"लोकांना इचारलंस का?"

"इचारायचं काय त्यात? मागच्या साली नाटकाला पुढं म्हातारीच माणसं हुती."

"म्हातारी माणसं लोकात धरत न्हाईत व्हय?"

तो हसला, पण ऐकला नाही. यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मारुतीच्या ओट्यावर सबंध नाटक कमिटीला दाखवायचं. जमलं तर नाटक. नाही जमलं तर तो तिथूनच ऑर्केस्ट्रावाल्याला फोन लावणार, आणि पुन्हा कधी नाटक नाही. ह्या विलासला लहानपणी मी झाडाचं काम दिलं होतं. ते झाड हललं, म्हणून दुसऱ्या अंकाच्या आधी मी त्याला खाली उतरवलं. ते त्याच्या मनात असेल असं मला वाटत होतं, पण विचारलं नाही.

नाटक माझंच रचलेलं. दोन भाऊ आणि बापाची एक विहीर. पाण्याच्या बारीवरून (पाळीवरून) भावांचं वाजतं. मधेच बहीण माहेरी येते आणि तीही वाटा मागते. तीन माणसांचं नाटक, आणि तिघे तीन गावांना.

नेवाशाला उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं. आधी ज्ञानेश्वरांच्या मंदिरात जाऊन पैस खांबाला डोकं टेकवलं. मग धोंडिबाची रसवंती गाठली. धोंडिबा आमच्याच गावचा, थोरल्या भावाचं काम करणारा. त्याच्या चरकाला घुंगरं बांधलेली आहेत, त्यामुळे रसवंती दिसायच्या आधी ऐकू येते. माणूस अंगाने पैलवान, तोंडाने फौजदार, आणि स्वभावाने इतका मऊ की त्याला रागावता येत नाही. सहा वर्षं मी त्याला राग शिकवतोय.

"बसा मास्तर. आलं टाकू का लिंबू?"

"आधी काम."

"काम करतो की. आलं का लिंबू?"

"आलं," मी म्हणालो.

रस पिऊन त्याला माझ्या डाव्या हाताला उभा केला आणि मी धाकटा भाऊ झालो. म्हणालो, "दादा, ह्या विहिरीत माझा बी घाम हाय." त्यावर थोरल्याने गरजायचं. धोंडिबा असा बोलला, जसं गिऱ्हाईकाला सुटे नाहीत म्हणून सांगतोय. पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच. तेवढ्यात एक बाई दोन लेकींना घेऊन आल्या, पैठणकडच्या असाव्यात. तीन ग्लास सांगितले. धोंडिबाने चरक चालू केला, घुंगरं वाजायला लागली, आणि त्या घुंगरांच्या वरून ऐकू जावं म्हणून तो ओरडला, "घाम तुझा, पर रगत कुनाचं रं?" माझ्या अंगावर काटा आला. बाईंनी लेकींना मागे ओढलं.

"हाच आवाज," मी म्हणालो. "हाच ठेवायचा."

"चरक न्यावा लागंल मग गावाला," धोंडिबा म्हणाला.

बाईंना नाटक आहे असं सांगितल्यावर त्या बाकावर बसल्या आणि आणखी एकेक ग्लास घेऊन पुढचं सगळं ऐकून गेल्या. संध्याकाळी धोंडिबाने मला प्रवरेच्या घाटावर नेलं. पाणी कमी होतं, पण होतं. आमच्याकडे त्या दिवसांत नदी म्हणजे वाळूचा रस्ता. मी पाय सोडून बसलो आणि धोंडिबा पाण्यावर ओरडून रागाचा सराव करत राहिला.

दुसऱ्या दिवशी बेलापूरची गाडी धरली. डाव्या बाजूची खिडकी मिळाली, बरं वाटलं. दोन्हीकडे ऊस, केळी, मधे कुठे गहू काढून ठेवलेला. असला हिरवा मुलूख बघत बसलं की माणसाला आपल्या गावाचा राग येतो, आणि थोड्या वेळाने त्या मुलखाचाच येतो. बराच वेळ बेलापूर येईना म्हणून कंडक्टरला विचारलं.

"बेलापूर मागं गेलं, बाबा. दोनदा वरडलो की."

"वरडला असतास तर ऐकू आलं असतं."

"हितं हुबं राहून वरडलो," तो माझ्या उजव्या खांद्याशी बोट करून म्हणाला.

मी वाद घातला नाही. उतरलो. उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर परत चालला होता, त्याच्या ड्रायव्हरने मला शेजारी बसवलं. तो सगळा रस्ता बोलत होता. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे तो काय म्हणाला ते त्यालाच माहीत. मी मान हलवत होतो. उतरताना तो फार खूश दिसला.

बहिणीचं काम करणारी सुनंदा फडात (तोड चालू असलेल्या उसात) होती. ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता (ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी). आमच्या नाटकात पूर्वी बाईचं काम पुरुषच करायचा, आणि माझ्या ओट्यावर बाई चढणार नाही असं मी एकदा सगळ्यांसमोर बोललो होतो. तीन वर्षांपूर्वी सुनंदाने मला माझंच नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. तेव्हापासून मी तसं बोलत नाही.

तिला थांबता येत नव्हतं. ती मोळ्या बांधत होती आणि बोलत होती. तिच्या एका बाजूला तोडलेलं मोकळं रान, दुसऱ्या बाजूला उभा ऊस. मी उसात शिरून उभा राहिलो.

"मास्तर, पाचट कापंल तुमाला. ह्या अंगाला या की, मोकळं हाय."

"हितंच बरंय."

"काय बरंय? मान चिरली बगा."

"तू तुझं बोल."

बहिणीचं शेवटचं बोलणं आहे. ती भावांना म्हणते, मला पाणी नको, मला पीक नको. सुनंदाने मोळी खाली टाकली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी आले तर काठावर बसायला एक दगड माझा म्हनून ठिवा. दुसरं कुनी बसलं असलं तर त्यानं उठावं. येवढंच." आजूबाजूच्या चार बायकांचे कोयते थांबले. मुकादमाने लांबून हाळी दिली तेव्हा पुन्हा चालू झाले.

दुपारी तिच्या कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) जेवलो. बाजरीची भाकरी, वांगं आणि ठेचा. ठेचा इतका झणझणीत की थोडा वेळ डाव्या कानानेही ऐकू येईना.

"पट्टा कधी पडायचा?" मी विचारलं. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला.

"ऊस उभा हाय अजून. आदल्या दिशी सकाळी पोचते. न्हाई सोडलं तर मुकादमालाच घिऊन येते, धाकटा भाऊ करू त्याला."

तिथून नगरला आलो. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, पण तोंडात जुनंच येतं. माळीवाड्याच्या स्टँडवर वडापाव खाताना मला स्पर्धा आठवली. काही वर्षांपूर्वी इथे आमचं नाटक घेऊन आलो होतो. परीक्षक शिकलेले, चष्म्याचे. ते म्हणाले, नाटक जिवंत आहे, पण तुमचे नट एकमेकांकडे कमी आणि एका कोपऱ्याकडे जास्त बघतात. मी म्हणालो, तुमचा चष्मा तिरका असेल. नंबर आला नाही. पुन्हा स्पर्धेला गेलो नाही.

सुप्याला बबन आहे, धाकट्या भावाचं काम करणारा. त्याला पोरगं पोरगं म्हणतात, पण चाळिशीचा आहे. गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत. पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या सावलीत तालीम धरली. त्याला डाव्या हाताला उभा केला आणि मी थोरला भाऊ झालो. धोंडिबाचा नवा राग माझ्या डोक्यात ताजा होता, तो तसाच काढला. गेटवरचा सिक्युरिटी काठी घेऊन आला.

"ओ बाबा, घरचं भांडण घरी. गेटवर न्हाई."

"नाटक हाय हे."

"समदे असंच म्हणत्यात." तो बबनकडे बघून म्हणाला, "देऊन टाका की त्याला एक दिस पानी. रात्रपाळ्या करून निम्मा झालाय गडी."

बबन हसायला लागला तेव्हा कुठे त्याला पटलं. मग त्याने आपली खुर्ची सावलीत आणली आणि तालीम संपेपर्यंत बसून राहिला. शेवटी भाऊ बोलतात का, हे त्याला कळायला हवं होतं. मी म्हणालो, यात्रेला या.

चहा पिताना बबनने मोबाईल काढला. "मास्तर, हेलपाटे कशाला घालता? व्हिडिओ कॉलवर तिघं एकदम बसू, घरी बसून तालीम."

"फोनात माणूस चपटा दिसतो. नाटकात माणसाला पाठ बी लागती."

त्याचं ऐकलं असतं तर पुढचा घोटाळा झाला नसता. पण तेव्हा मी ऐकलं नाही, आणि आता वाटतं की तेही बरंच झालं.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी तिघे आले. सुनंदा मुकादमाला न आणता आली, अंगावर अजून पाचटाची कुसळं होती. दहाला मारुतीच्या ओट्यासमोर कमिटी बसली. विलास मधल्या खुर्चीत, गुडघ्यावर फोन. मागे बायका, त्यांच्यात पारू. मी ओट्याच्या खाली उभा राहिलो आणि हात वर करून सुरू केलं.

धोंडिबा आला आणि ओट्याच्या एका टोकाला जाऊन उभा राहिला. बबन आला, तोही त्याच टोकाला, त्याच्या पाठीमागे. धोंडिबा समोरच्या रिकाम्या जागेला झकास रागाने बोलत होता, आणि बबन त्याच्या खांद्यावरून त्याच रिकाम्या जागेला उत्तर देत होता. सुनंदा आली. तिला जागाच उरली नव्हती, तरी ती बबनच्या मागे अंग चोरून उभी राहिली आणि त्याच्या पाठीला म्हणाली, "दादा, मी आले." सगळा ओटा मोकळा, आणि तिघे एका कडेला.

विलास म्हणाला, "मास्तर, ह्ये नाटक हाय का रेशनची लाईन?"

कमिटी हसली. मी ओट्यावर चढलो. "धोंडिबा, तिकडं कशाला गेलास?"

"तुमीच हुबं केलंत की ह्या अंगाला."

"मला बी ह्याच अंगाला," बबन म्हणाला. "म्हणालात, माझ्या डाव्या हाताला उभा राहा."

मी दोघांवर ओरडलो. चांगला ओरडलो. ओरडून झाल्यावर बघतो तर कुणी हलत नाही. विलास, कमिटी, बायका, सगळे माझ्याकडे बघतायत, म्हणजे माझ्या खांद्याच्या पलीकडे.

"काय झालं?"

बबन म्हणाला, "सुनंदा तुमाला कवाधरनं इचारतीया."

मी वळलो. सुनंदा माझ्या उजव्या खांद्याशी उभी होती. आता ती डाव्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, त्या कानाला ऐकू येत न्हाई न्हवं?"

मला वाटलं, आता खाली उतरावं आणि सरळ घरी जावं. पण घरी गेलो असतो तर फोन लागला असता. म्हणून तिथेच उभं राहून सांगितलं. एका नाटकात बंदूक होती. टिकल्यांचा आवाज मला खोटा वाटला, म्हणून मी तिच्यात खरी दारू ठासली आणि स्वतःच उडवून बघितली. टाळ्या मिळाल्या, कान गेला. आधी थोडं थोडं ऐकू यायचं, ह्या दोन वर्षांत पार बंद. म्हणून ज्याची तालीम घेतो त्याला डाव्या बाजूला ठेवतो. आठ दिवस मिळायचे तेव्हा ओट्यावर जाग्यावर आणायचो. ह्या वेळी दिवसच मिळाले नाहीत. चष्म्याच्या परीक्षकांचं बरोबर होतं, हेही सांगून टाकलं.

कुणी हसलं नाही. विलासने गुडघ्यावरचा फोन उचलला.

"अर्धा तास दे," मी म्हणालो.

त्याने घड्याळ बघितलं. "दिला."

मी ओट्याच्या कडेवर बसलो आणि तिघांना म्हणालो, जसे होता तसे उभे राहा. तिघे एका बाजूला, समोर रिकामी जागा. तिघे त्या जागेशी भांडतायत. हे भांडण कशाचं आहे? विहिरीचं. मग विहीर कुठे पाहिजे?

मंदिराच्या भिंतीच्या कामाच्या विटा पडल्या होत्या. धोंडिबाने आणि बबनने त्या वाहून त्या रिकाम्या जागेवर कंबरेइतका काठ रचला, पुढून गोल, मागून उघडा. आता थोरला विहिरीत बघून बापाची शपथ घालायला लागला. धाकटा त्याला ढकलून विहिरीत तोंड घालून उत्तर द्यायला लागला. बापच खाली बसलाय आणि दोघे त्याला गाऱ्हाणी सांगतायत असं दिसत होतं. पण दोन बोलण्यांनंतर ते पुन्हा अडखळले. त्यांना समोर माझं तोंड बघायची सवय. शेवटी मी मागच्या बाजूने विहिरीत जाऊन बसलो. डावा कान त्यांच्याकडे. एक शब्द सांगितला नाही. माझ्या नाटकाला मागून सांगणारा लागत नाही. मी नुसता बसलो होतो, आणि नाटक शेवटपर्यंत गेलं.

विटांच्या फटीतून विलास दिसत होता. मग त्याने फोन खिशात घातला आणि उठून विहिरीजवळ आला.

"मास्तर, विहिरीकडंला झाड असतंय का?"

"असतंय."

"मी ऱ्हातो हुबा."

"हलायचं न्हाई."

"न्हाई हलत."

यात्रेच्या दिवशी कुस्त्या सुटल्यावर, दिवे लागायच्या वेळेला नाटक झालं. पुढे म्हातारी माणसं होतीच, पण मागे कुस्त्यांची सगळी गर्दी थांबली होती. सुप्याचा सिक्युरिटी बायकोला घेऊन आला होता आणि शेजाऱ्यांना आधीच सांगत होता की धाकट्याचं खरं आहे. मी विहिरीत पाय मुडपून बसलो होतो आणि फटीतून माणसं बघत होतो. इतकी वर्षं नाटक केलं, पण नाटक बघणाऱ्यांची तोंडं मला अशी कधी दिसली नव्हती. मी कायम नटांकडे बघत असे. सुनंदाने दगड मागितला तेव्हा समोरची माणसं पुढे सरकली, आणि विहिरीजवळचं झाड हललं. त्याने बाहीने डोळे पुसले. ह्या वेळी मी त्याला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला बसलो. पारूने ताट वाढलं आणि रोजच्यासारखी शेजारी बसली. मी म्हणालो, "कानाचं आता समद्यांना कळलं."

ती काहीतरी म्हणाली. मी तोंड वळवलं तेव्हा पुन्हा म्हणाली, "मला लई आधीपासनं ठावं हुतं."

"कवापासून?"

"बंदूक उडाली तवापासनं."

"मग कधी बोलली न्हाईस?"

"बोलले की. रोज जेवताना बोलले." तिने माझ्या उजव्या खांद्याकडे बोट केलं. "हितं बसून. जे काय मनात यायचं ते समदं."

"काय काय?"

"त्ये आता कशाला? बोलून झालं."

तीन गावं फिरलो, भेटेल त्याला डाव्या बाजूला घेतलं, उसात शिरून मान चिरून घेतली, आणि घरात एक माणूस इतकी वर्षं उजव्या बाजूला बसलेलं मला दिसलं नाही. मी ताट उचललं आणि तिच्या पलीकडे जाऊन बसलो. आता ती डाव्या हाताला आली. तिने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "आता जपून बोलावं लागंल."